‘रोज रात्री जंगलफेरी’ नेमकी कोणाच्या जमिनीवर, ते आधी लेखी घ्या

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये कोस्टा रिकाला बेडकांच्या फोटोग्राफीची ग्रुप टूर आहे, चौदा जण आहेत, माहितीपत्रकात ‘रोज रात्री जंगलफेरी’ असं छापलंय आणि फोन केल्यावर कार्यालयातून ‘सगळं होतं, तुम्ही फक्त कॅमेरा घेऊन या’ एवढंच उत्तर मिळालं. तुमचा प्रश्न मात्र लेन्सचा आहे. लेन्सबद्दल सांगणारे इथे भरपूर आहेत. मी त्या फोनवरच्या उत्तराबद्दल लिहिते, कारण मलाही जवळजवळ याच शब्दांत ते मिळालं होतं आणि त्यापायी कित्येक वर्षं पैसे साठवून केलेली सहल निम्मी वाया गेली.

आमचा मुक्काम होता पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओसा द्वीपकल्पावर, कोर्कोवाडो राष्ट्रीय उद्यानाच्या काठाला. कागदावर यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. पण कोर्कोवाडोत २०१४ पासून प्रमाणित गाईडशिवाय प्रवेश नाही आणि उद्यानाच्या आत रात्री फिरायला परवानगीच नाही. तिकडची बरीचशी राष्ट्रीय उद्यानं दुपारी किंवा संध्याकाळच्या आत बंद होतात. रात्रीच्या फेऱ्या होतात त्या खासगी राखीव जंगलांत, लॉजच्या स्वतःच्या जमिनीवर, नाहीतर संशोधन केंद्रांच्या आवारात. हे तिथल्या कुठल्याही गाईडला ठाऊक असतं. आमच्या टूरवाल्यांना ठाऊक नव्हतं की ठाऊक असून सांगितलं नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. लॉजच्या मालकीची जमीन म्हणजे खोल्यांभोवतीची बाग आणि एक सिमेंटचं टाकं. पहिल्या रात्री सगळा ग्रुप त्या टाक्याभोवती उभा होता आणि पलीकडच्या काळोखातून बेडकांचे आवाज येत होते. आम्हाला तिकडे पाऊल टाकता येत नव्हतं. ते बरोबरच आहे. नियम जंगलासाठी आहे आणि तो असायलाच हवा. संताप आला तो आमच्याकडून पैसे घेताना हे लपवून ठेवल्याचा.

कार्यालयाला तिथूनच ईमेल केली. उत्तर आलं, ‘स्थानिक परिस्थितीनुसार कार्यक्रमात बदल होऊ शकतो, कृपया अटी पाहाव्यात.’ उद्यान रात्री बंद असणं ही स्थानिक परिस्थिती कशी काय? ती काही त्या आठवड्यात उद्भवली नव्हती. परत आल्यावर पुन्हा लिहिलं, फोन केले, दरवेळी नवा माणूस आणि तीच ओळ. पैसे परत मिळाले नाहीत, पण पैशांपेक्षाही मला लागली ती दुसरीच एक गोष्ट.

बदली कार्यक्रम म्हणून आम्हाला गाडीत घालून एका ठिकाणी नेलं. तिथे एका माणसाने झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून लाल डोळ्यांचा वृक्षबेडूक काढला आणि हेलिकोनियाच्या लाल फुलावर ठेवला. आमचे लोक रांगेत उभे राहिले. हा बेडूक निशाचर. दिवसा तो पाय पोटाखाली घेऊन, कुशीवरचे निळे-पिवळे पट्टे झाकून, हिरव्या पानाला हिरवा होऊन झोपतो. त्याची खालची पापणी अर्धपारदर्शक असते आणि तिच्यावर सोनेरी जाळी असते. मी ती जाळी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिली, कारण तो सतत डोळे मिटून घेत होता. फ्लॅश उडाला की पापणी वर, पाय आत. मग तो माणूस काडीने त्याला मागून टोचायचा, बेडूक डोळे उघडायचा, पुढचा फोटो व्हायचा. खाली उतरायला लागला की उचलून परत फुलावर. पाठीवरची ओल गेली होती, कातडी निस्तेज दिसत होती. मी कॅमेरा बंद केला आणि गाडीत जाऊन बसले. आमच्यातल्या काहींना तेच फोटो सहलीतले सर्वोत्तम वाटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण तुम्हाला मात्र स्पष्ट सांगते, की तो प्रकार निसर्गसहल नव्हे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की उरलेली रक्कम भरायच्या आधी कार्यालयाला पत्र लिहा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवर काही ऐकून घेऊ नका. प्रत्येक रात्रीपुढे जागेचं नाव मागा, नुसतं गाव किंवा ‘रेनफॉरेस्ट’ चालणार नाही. जमीन लॉजची, खासगी राखीव जंगलाची की राष्ट्रीय उद्यानाची, ते विचारा. नाव मिळालं की कार्यालयाला बाजूला ठेवून थेट त्या लॉजला विचारा, ‘अमुक तारखेला इतक्या लोकांची रात्रीची फेरी नोंदवलेली आहे का?’ तिकडचे लॉजवाले अशा ईमेलना बहुधा नीट उत्तर देतात. नोंद नसेल तर तुम्हाला निघायच्या आधी कळेल, टाक्याजवळ उभं राहून नव्हे. आणि ‘बेडूक हाताळले जातात का, डब्यात ठेवलेले बेडूक दाखवले जातात का’ हे याच शब्दांत विचारा. त्यांच्या माहितीपत्रकातले फोटोही निरखून बघा. वेगवेगळ्या जातींचे बेडूक एकाच फुलावर बसलेले दिसले तर मी पैसे भरणार नाही.

चौदा जणांमागे गाईड किती, हेही विचारा. पायवाट माणूसभर रुंदीची असते. पुढचे दोघेतिघे फोटो काढतात तोवर मागच्यांना पुढच्याची पाठपिशवीच दिसते आणि शेवटच्या माणसापर्यंत बेडूक निघून गेलेला असतो. सहा-सात जणांमागे एक गाईड असावा असं माझं मत आहे. कोणी म्हणेल दहा चालतात. पक्षी बघायला चालत असतील. बोटाच्या पेरापेक्षा लहान बेडूक पानाच्या खालच्या अंगाला बसलेला असताना नाही चालत. तुमचा ग्रुप दोन तुकड्यांत विभागून दोन वेगळ्या वाटांनी न्यायला सांगा. त्यासाठी थोडे पैसे जास्त मागितले तर द्या.

आता समजा पैसे भरून झालेत आणि रात्रींबद्दल काही हाती लागत नाहीये. तर दिवस मागा. हे मला कोणी सांगितलं असतं तर आमच्या सहलीचं बरंच काही वाचलं असतं. बेडूक म्हणजे रात्र असं आपण धरून चालतो, पण डार्ट फ्रॉग, म्हणजे तिकडचे छोटे, भडक रंगांचे विषारी बेडूक, दिवसाचे प्राणी आहेत. कॅरिबियन उताराच्या सखल जंगलात, सारापिकीकडे ला सेल्वा संशोधन केंद्राच्या परिसरात, स्ट्रॉबेरी डार्ट फ्रॉग सकाळीच पालापाचोळ्यात ओरडत असतो. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, अंग लाल, पाय निळे, आवाज किड्यासारखा किरकिरा. आवाजाच्या दिशेने हळू सरका, गुडघे टेकून बसा आणि थांबा, तो आपल्या हद्दीत पुन्हा त्याच ओंडक्यावर येतो. या जातीची मादी एकेक बेडूकमासा पाठीवर घेऊन झाडावर चढते, ब्रोमेलियाड या झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतीच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात सोडते आणि नंतर पुन्हा पुन्हा तिथे जाऊन त्याला खायला फलन न झालेली अंडी घालते. पाठीवर पिल्लू असलेली मादी दिसली तर कृपा करून वाट अडवू नका. लांबून एक फोटो घ्या आणि तिला जाऊ द्या. ओसाकडे हा बेडूक मिळत नाही, पण गोल्फो दुल्से डार्ट फ्रॉग आहे, तो त्याच भागापुरता आढळतो आणि तोही दिवसाच फिरतो. आमच्या लॉजपासून तासाभरावर तो होता, हे मला परतल्यावर कळलं. टूरच्या कार्यक्रमात त्या दिवशी खरेदी होती.

रात्रीची फेरी मिळालीच तर ओढ्याकाठच्या काचबेडकांसाठी, म्हणजे पोटाची कातडी पारदर्शक असलेल्या बेडकांसाठी, हट्ट धरा. पानाच्या खालच्या बाजूला जेलीसारख्या अंड्यांचा पुंजका आणि शेजारी राखण करणारा नर. एका जातीत तर नराच्या पाठीवरची नक्षीच अंड्यांच्या पुंजक्यासारखी दिसते. काचबेडूक झोपतो तेव्हा रक्तातल्या जवळजवळ ९० टक्के तांबड्या पेशी यकृतात साठवून आणखी पारदर्शक होतो, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. ते वाचल्यापासून मला त्याच्यावर मागून झगझगीत उजेड टाकणं नको वाटतं. गाईड पानामागे टॉर्च धरून पारदर्शक पोट दाखवतात. क्षणभर ठीक आहे, सगळ्यांचे फोटो होईपर्यंत नाही.

अंड्यांबद्दल एक गोष्ट गाईडही सहसा बोलत नाहीत. लाल डोळ्यांचा वृक्षबेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर अंडी घालतो. साप अंडी खायला लागला की त्याच्या हालचालीची थरथर आतल्या पिल्लांना कळते आणि ती मुदतीआधीच अंडं फोडून खाली पाण्यात उडी टाकतात. जीवशास्त्रज्ञ कॅरन वॉर्केंटिन यांनी हे १९९५ मध्ये दाखवून दिलं. जीव वाचतो, पण वेळेआधी पाण्यात पडलेलं कच्चं पिल्लू तिथल्या माशांना, कोळंबीला सहज सापडतं. आपण चांगला कोन मिळावा म्हणून तेच पान ओढतो, वाकवतो, झटकन सोडतो. तेव्हा पान ओढू नका. कॅमेरा खाली न्या, नाहीतर तो फोटो सोडून द्या.

आणि हात लावू नका. बेडूक कातडीतून पाणी घेतो, श्वासही घेतो. आपल्या हातावर डासांचं औषध असतं, तेच त्याच्या अंगात जातं. त्याहून मोठी भीती बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीची. कोस्टा रिकातल्याच मोंतेवेर्देच्या ढगाळ जंगलातला सोनेरी भेक १९८७ मध्ये हजाराहून जास्त संख्येने मोजला गेला होता, १९८९ मध्ये एकच नर दिसला आणि त्यानंतर कोणालाही नाही. तिथे कोरडी वर्षंही कारणीभूत असावीत असं अभ्यासक म्हणतात, त्यामुळे सगळा दोष बुरशीवर टाकत नाही. पण २०१९ मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात या बुरशीमुळे किमान ५०१ उभयचर जाती घटल्या आणि त्यातल्या ९० नाहीशा झाल्याचा अंदाज दिलाय. ही बुरशी ओल्या चिखलातून एका ओढ्याकडून दुसऱ्याकडे जाते. चौदा जणांचे गमबूट म्हणजे अठ्ठावीस चिखलाचे तळवे. प्रत्येक नव्या जागी जाण्याआधी बूट ब्रशने घासायचे, जंतुनाशकात बुडवायचे आणि जमेल तितके कडक वाळवायचे. लॉजवर सोय नसेल तर ग्रुपने मिळून एक ब्रश आणि बाटली बरोबर ठेवा. हे टूरच्या सूचनांमध्ये असायला हवं, आमच्या नव्हतं.

ओघात आठवलं म्हणून: गमबूट बरेच लॉज देतात, पण पावलं फार मोठी किंवा फार लहान असतील तर आपलेच न्या. फांदीला, कठड्याला हात लावण्याआधी टॉर्च मारा, कारण पापणीवाला व्हायपर हा विषारी साप नेमका हाताच्या उंचीवर वेटोळं करून बसतो आणि जमिनीवर फेर-द-लान्स हा दुसरा विषारी साप असतो. ग्रुपमध्ये सगळे वर बघत असतात, एकाने तरी खाली बघत चालावं. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर काच धुकटते, फेरीच्या तासभर आधी तो बॅगेसकट बाहेर ठेवा. फ्लॅशला उजेड पसरवून सौम्य करणारा मोठा डिफ्यूझर लावा, कारण ओल्या कातडीवर उघडा फ्लॅश पांढरे डाग पाडतो आणि मग माणूस उगाच दहा-दहा फोटो काढत बसतो. परतीच्या वाटेवर कोलंबिया, इक्वेडोर, पेरू असं काही जोडलं असेल तर भारतात उतरताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होतं. टूरवाले हेही शेवटच्या आठवड्यात सांगतात.

मी गाईड नाही, कायद्यातलंही मला काही कळत नाही. उद्यानांच्या वेळा आणि परवाने बदलतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, ज्या त्या उद्यानाकडूनच खात्री करून घ्या. सगळे टूरवाले असे असतात असंही माझं म्हणणं नाही. नंतर एका छोट्या गटाबरोबर गेले तेव्हा गाईडने पहिल्याच संध्याकाळी बूट धुवायला लावले आणि ‘एका बेडकामागे इतकेच फ्लॅश’ असं सांगून ठेवलं. पैसे त्याने कमीच घेतले होते. पण तुमच्या पोस्टमधलं ‘तुम्ही फक्त कॅमेरा घेऊन या’ हे वाक्य वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून एवढं लांबलं.

पत्र आजच पाठवा, ऑगस्टला वेळ आहे तोवर रद्द करण्याची मुदतही शिल्लक असेल. मुदत कुठल्या तारखेला संपते ते अटींमध्ये आधी शोधा आणि पत्रात उत्तरासाठी त्याच्या आठवडाभर आधीची तारीख घाला. लॉजची नावं कळली की इथे लिहा. कॅरिबियनकडचे असतील तर दिवसा काय मागायचं, पॅसिफिककडचे असतील तर काय, ते मी जागेनुसार सांगते.