केळीच्या पैशातला कॅमेरा

अमळनेर

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप काल रात्री तीनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा सापडत नव्हता, दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा तू पाठवलेला तो हप्त्यांचा तक्ता बघायला. बाबांनी यंदाच्या केळीतून पन्नास हजार बाजूला काढून दिले. त्यावर आणखी पन्नासाचे हप्ते बांधून तुला नवी कोरी फुल फ्रेम, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा, घ्यायची आहे, सोबत जी लेन्स मिळेल ती. कारण काय, तर ‘लग्नाची कामं घ्यायची तर फुल फ्रेमच लागते असं सगळे म्हणतात.’

हे ‘सगळे’ मला माहीत आहेत. मीही त्यांचं ऐकलं होतं. डिजिटल नवं नवं आलं तेव्हा कर्ज काढून भारी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, घेतली आणि पैसे संपले म्हणून तिला सगळ्यात स्वस्त झूम लावली. आई ओट्यावर बसलेली होती. खोकं बघून तिने एवढंच विचारलं, “इतला पैसा कसाले?” त्याच आठवड्यात एका हळदीला गेलो. माजघरात एकच ट्यूबलाइट, बाया गाणी म्हणतायत, नवरीच्या गालाला हळद लागतेय. माझे निम्मे फोटो हललेले. बॉडी भारी होती, पण तिच्यापर्यंत उजेड पोचतच नव्हता. त्या मोसमाची कमाई हप्त्यांत गेली. ती बॉडी आता पोरांना खेळायला दिली आहे. तिच्यानंतर वर्षभराने घेतलेली साधी ५० एमएमची लेन्स मात्र अजून कामाला येते.

म्हणून आधी एक कागद घे. तुला कोणते फोटो काढायचे आहेत ते तू निरोपात लिहिलंसच: नात्यातल्या लग्नातली हळद आणि वरात, हिवाळ्यात हतनूरच्या धरणावर उतरणारे पक्षी, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, आणि बाबांची बाग. आता प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिही. उजेड किती, अंतर किती, आणि समोरचं हलतं किती. कॅमेऱ्याचं नाव अजून लिहायचं नाही.

हळद घे. उजेड कमी, अंतर पाच-दहा फूट, हालचाल मध्यम. तुझ्या मनातल्या कॅमेऱ्यासोबत येणारी झूम बारीक एफ आकड्याला, म्हणजे मोठ्या भोकाला, उघडतच नाही. जरा झूम केलं की एफ ५.६ च्या आसपास येते. एफ १.८ ची लेन्स त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. म्हणजे एफ १.८ ला जिथे १/१२५ सेकंदाचा शटर मिळतो, तिथेच, त्याच आयएसओला, म्हणजे सेन्सर उजेडाला तेवढाच हळवा ठेवून, एफ ५.६ वर तुला १/१३ मिळेल. १/१३ ला हळद लावणारा हात म्हणजे पिवळा धूर. फुल फ्रेमचा मोठा सेन्सर यातलं थोडं भरून काढतो, साधारण एका स्टॉपपेक्षा जरा जास्त. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. इथे तूट तीन स्टॉपांहून जास्त आहे. ती तूट एका साध्या, स्वस्त लेन्सने भरते, हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर आईला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

आता कॅनन की निकॉन, हा कंपनीचा वाद. नवी बॉडी डोक्यातून काढ. लोक मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळले, त्यामुळे चांगले डीएसएलआर, म्हणजे आरशाचे कॅमेरे, वापरलेले आणि धड अवस्थेतले मिळतात. तुझ्यासाठी मी दोन नावं काढली आहेत, कॅनन ८०डी आणि निकॉन डी७२००. दोन्ही २०१५-१६ च्या, दोन्ही चोवीस मेगापिक्सेलच्या. चोवीस म्हणजे कमी वाटतंय ना? हिशोब कर. लग्नाचा अल्बम बारा बाय छत्तीसचा. त्याचं एक अख्खं पान बारा बाय अठरा इंच. तीनशे डीपीआयला त्याला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. हे कॅमेरे ६००० बाय ४००० देतात. पान भरून फोटो लावला तरी कापायला कडा शिल्लक राहते.

दोन्हींत निवडायचं झालं तर माझं मन डी७२०० कडे झुकतं. तिला कार्डाचे दोन खाचे आहेत, फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर जातो. लग्न परत लागत नाही. एक कार्ड मेलं तर नवरीच्या बापाला तोंड कसं दाखवणार? पण तू लिहिलंस की आता प्रत्येक घर रील मागतं. तिथे ८०डी फार पुढे आहे. स्क्रीन बाहेर वळते, बोटाने टेकवलं की व्हिडिओत फोकस गुळगुळीत सरकतो. डी७२०० चा व्हिडिओतला फोकस मागेपुढे हिंदकळत बसतो. म्हणून तुझ्यासाठी ८०डी. कार्डाचं दुखणं असं सांभाळ: हळदीचं कार्ड वेगळं, लग्नाचं वेगळं, वरातीचं वेगळं. भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवायचं नाही, अंगावर ठेवायचं. ८०डी फोर-के काढत नाही, हे खरं. नातेवाइकांच्या मोबाइलवर बघायच्या रीलला ते लागतही नाही.

स्वस्तातल्या निकॉनचा मोह झाला तर एक फसगत ध्यानात ठेव. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांना जुनी ‘डी’ नावाची स्वस्त ५० लावली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असायला हवं, म्हणजे मोटर लेन्समध्येच असते. कॅननमध्ये ही भानगड नाही, १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ जातीच्या लेन्सा ८०डी वर चालतात. कॅननची वेगळी भानगड आहे. तुझ्या चुलतभावाने सुचवलेली २००डी मार्क टू दिसायला गोंडस, वजनाला हलकी. पण तिच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिनच दिलेली नाही. त्यामुळे साधे जुने फ्लॅश आणि दुरून फ्लॅश पेटवणारे स्वस्तातले ट्रिगर तिच्यावर पेटत नाहीत. दुकानदार हे सांगत नाही, लग्नात उभं राहिल्यावर कळतं.

लेन्सांचं सांगतो. पहिली ५० एमएम एफ १.८, एसटीएमवाली, म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच असलेली. पण ८०डी चा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणून ती तिच्यावर ८० सारखी वागते, म्हणजे जवळचं दाखवते. दहा फुटांवर उभी राहिलीस तर चौकटीत जेमतेम साडेचार फूट रुंदीचं मावेल. नवरीचा चेहरा, हात, आईच्या डोळ्यातलं पाणी, या सगळ्याला ती सोनं आहे. पण रावेरच्या जुन्या घरातल्या माजघरात पाठ भिंतीला टेकल्यावर तिच्यात चार बाया मावत नाहीत. त्यासाठी कॅननची २४ एमएम एफ २.८, ती बिस्किटाएवढी चपटी. तेवढ्याच अंतरावरून नऊ फुटांचं दाखवते. उघडते थोडी कमी, पण रुंद लेन्सला हात हललेला कमी जाणवतो, आणि तिथे बायांना मी गाणं संपेपर्यंत थांबायला सांगायचो. थांबायच्या नाहीत, ती गोष्ट वेगळी.

सोबत येणारी १८-५५ घ्यायची की नाही? बॉडीबरोबर फुकटासारखी मिळाली तर घे. उन्हात, बागेत, सारंगखेड्याला चोख काम करते. वेगळे पैसे मोजून घेऊ नकोस.

हतनूरच्या पक्ष्यांसाठी ५५-२५०, तीही एसटीएम. ८०डी वर तिचं लांबचं टोक चारशेसारखं वागतं. तरी खरं सांगतो, पाण्याच्या मध्यावर बसलेली बदकं तिच्यात मुगाच्या दाण्याएवढीच दिसतील. तिथे लाखांच्या लेन्सा घेऊन लोक येतात, त्यांच्याकडे बघून जीव खाली-वर करू नकोस. काठाजवळचे बगळे, पहाटेचं धुकं, जाळं फेकणारे कोळी, हे सगळं त्या लेन्सच्या आवाक्यात आहे. आणि सारंगखेड्याला, घोडा नाचत असताना, हीच लेन्स गर्दीच्या मागून कामाला येते. भर दुपारी एफ ८, १/१०००. माती उडते तो क्षण मिळतो.

पैशांची वाटणी कशी करशील? भाव दर महिन्याला हलतात, म्हणून आकडे धरू नकोस, वाटा धर. अर्ध्यापेक्षा किंचित जास्त बॉडीला. पाव ते तिसरा हिस्सा ५० आणि ५५-२५० ला. उरलेल्यात एक जास्तीची बॅटरी, दोन नावाजलेली कार्डं, हाताने जोर बदलता येणारा साधा फ्लॅश, आणि घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. डबा विसरू नकोस. आपल्याकडे उन्हाळा कोरडा, पण पावसाळ्याचे दोन-तीन महिने लेन्सला बुरशी धरायला पुरतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. मऊ चामड्याच्या पाऊचमध्ये लेन्स ठेवायची नाही, ते ओल धरतं.

वापरलेला माल घ्यायला लोक मुंबईला फोर्टात बोरा बाजारात जातात, तूही जाशील. मी एकदा एका दुकानातून अशीच ‘एकदम नवी, बहनजी की है’ लेन्स आणली. घरी आल्यावर टॉर्च धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. दुकानदाराने ओळखही दाखवली नाही. तेव्हापासून टॉर्च खिशात.

दुकानात उभी राहून एवढं कर. लेन्सच्या मागच्या बाजूने टॉर्च आत मार आणि पुढून तिरकं बघ. धुळीचे दोन कण चालतील, धागे किंवा धुकं असेल तर परत दे. मग कॅमेऱ्याला लेन्स लावून एफ २२ ला कोऱ्या आकाशाचा नाही तर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ. त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण भाव कमी करायला तेवढं निमित्त पुरतं. झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो काढ, रंगीत चमकणारे ठिपके, म्हणजे सेन्सरचे बिघडलेले बिंदू, किती ते मोज. शटर किती वेळा पडला हे निकॉनच्या फोटोतल्या माहितीत सापडतं, कॅननच्या सहसा सापडत नाही, त्यासाठी लॅपटॉपला जोडून वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ८०डी चा शटर लाखभर क्लिकचा धरतात. साठ हजार क्लिकच्या आत असेल तर घे. लग्नवाल्याची बॉडी असेल तर ग्रिपचं रबर फुगलेलं असतं आणि डाव्या बाजूच्या तारांच्या खाचा सैल झालेल्या असतात. त्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा ते रबर खरं बोलतं.

बिल माग. साध्या कागदावर का होईना, नंबर घालून, सही घेऊन.

फुल फ्रेमबद्दल एक शब्द उरला. ती वाईट नाही. तीन-चार मोसम काम केल्यावर, स्वतःच्या कमाईतून घे. आणि तेव्हा लक्षात ठेव, ५० आणि तिच्यासारख्या ईएफ लेन्सा त्या बॉडीवरही चालतील, मिररलेसला अडॅप्टर लावून. ५५-२५० आणि २४ या ईएफ-एस, त्या छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या. कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरला त्या बसतच नाहीत, आणि मिररलेसला अडॅप्टरने बसल्या तरी कॅमेरा कडा कापून फोटो लहान करतो. त्या विकाव्या लागतील, हे आत्ताच धरून चाल.

आणि सुट्टीत चाळीसगावला जाऊन ये. स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता कलादालन केलंय. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. आयुष्यातली कित्येक वर्षं ते त्या घरातून फारसे बाहेर पडलेच नाहीत. घरातल्या सामानातून टेबलावर देखावे मांडून त्यांनी जे फोटो काढले, त्यांतला उजेड कुठून येतोय हे प्रत्येक फोटोसमोर उभं राहून शोध. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन तास फक्त सावल्यांच्या दिशा बघत होतो, आणि परतीची गाडी चुकली. घरी आल्यावर मोबाइलनेच कर, खिडकीशी एक वांगं आणि लोटा ठेवून. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. कॅमेरा यायला महिना लागला तरी तोवर बसून राहू नकोस.

वांग्यावरून आठवलं, थंडी पडली की मळ्यात पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजायला घेऊ. तिथे ५० एफ १.८ ला उघडी टाकून जाळाच्या उजेडात चेहरे काढून बघ, फ्लॅश न लावता.

हप्त्यांच्या कागदावर सही केली नसशील तर करू नकोस. केली असशील तर लगेच फोन कर, मागे घेता येतं का ते बघू. नाहीतर पुढच्या शनिवारी ये. भुसावळला गाडी बदलून सुरतकडची धर, अमळनेरला उतरलीस की फोन कर. २४ एमएम माझ्या कपाटात पडून आहे, ती घेऊन जा, तुझी तू घेशील तेव्हा परत कर. आणि येताना टॉर्च आण, मोबाइलची नाही, सेलवाली. माझ्या जुन्या लेन्सा तपासून हात बसव, मग बोरा बाजारात जा.

तुझा,
काका