मॅट किती फुगवायची?

प्रश्न : फुगवायची सर्फ मॅट (लाटेवर पालथं पडून सरकायची हवेची गादी) टणक फुगवून जुहूला नेली. लाटेवर नुसती उड्या मारते, वळत नाही. काय चुकतंय? – एक वाचक, अंधेरी

उत्तर : हवा जास्त झाली आहे. टणक मॅट पाण्याच्या प्रत्येक उंचवट्यावर आपटते. मऊ असेल तर लाटेचा आकार घेते आणि सरकते. पंप नको, तोंडानेच फुगवा. छाती टेकल्यावर मधला भाग चांगला दबला पाहिजे, कोपरे मुठीत मावले पाहिजेत. मात्र उन्हात तापलेली हवा पाण्यात आकसते, म्हणून अंतिम अंदाज पाण्यात उतरूनच घ्या.

लाटेवर पुढचे दोन्ही कोपरे धरा. आवळले की हवा मागे सरकते, मॅट कडक होऊन वेग घेते. सोडले की मऊ पडते. वळताना लाटेकडच्या हाताच्या कोपरावर भार द्या आणि त्याच बाजूचा पाय पाण्यात ओढत ठेवा.

पायात स्विम फिन्स (पोहण्यासाठी पायात घालायची रबरी पाती) हव्यातच, त्याशिवाय लाट पकडण्याइतका वेग येत नाही. आणि मॅट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे: हातातून सुटली तर पोहतच परतायचं आहे. पावसाळ्यात जुहू, अक्सा दोन्ही किनारे टाळा.