वडिलांच्या (वय ६८) गुडघ्यामागे सोनोग्राफीत २.६ सेंटिमीटरचा ॲन्युरिझम (धमनीला आलेला फुगा) निघालाय. दुखत काहीच नाही. तरी ऑपरेशन करावं का?

मी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. बाबांना तपासल्याशिवाय शेवटचा शब्द देता येणार नाही, पण तब्येत बरी असेल तर माझं मत ऑपरेशन करावं असंच आहे, आणि तेही दुखत नाही तोवरच.

सगळे विचारतात, हा फुगा फुटेल का? गुडघ्यामागच्या पॉप्लिटियल धमनीतला फुगा क्वचितच फुटतो. भीती गुठळीची असते. फुगलेल्या भागात रक्त साकळतं, त्याचे बारीक कण सुटून पोटरीतल्या धमन्या एकेक करून बुजवत राहतात आणि पेशंटला पत्ताही लागत नाही. मग एखाद्या दिवशी फुगाच बंद पडतो. अशा वेळी बायपास करायचा म्हटलं, तर खाली जोडायला चांगली धमनीच उरलेली नसते. पाय जातात ते असे. म्हणून साधारण २ सेंटिमीटरच्या पुढे, त्यातही आत गुठळी दिसत असेल, तर आम्ही वाट पाहत नाही.

आता सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचा सीटी स्कॅन) करा, त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या. साध्या अँजिओग्राफीत फक्त वाहतं रक्त दिसतं. गुठळीने अस्तर धरलेला फुगा तिथे चक्क नॉर्मल वाटू शकतो. दुसरा पाय आणि पोटातली महाधमनी तपासून घ्याच. जवळजवळ निम्म्या पेशंटना दोन्ही पायांत फुगा असतो, आणि पोटातलाही अनेकांना असतो. पोटातला मात्र फुटतो.

१७८५ मध्ये लंडनमध्ये सर्जन जॉन हंटर यांनी एका घोडागाडीवानाच्या अशाच फुग्यासाठी मांडीतली धमनी बांधली होती, आणि आजूबाजूच्या लहान वाहिन्यांवर त्याचा पाय वाचला. आज आम्ही फुग्याच्या वर-खाली धमनी बांधतो आणि पेशंटच्याच पायातली सॅफिनस शीर काढून बायपास करतो. मांडीतून स्टेंट-ग्राफ्टही (धमनीच्या आत बसणारी, आवरण असलेली जाळीची नळी) बसवता येतो, जखम छोटी राहते. पण गुडघा सतत वाकतो, त्यामुळे तो बंद पडण्याची शक्यता जास्त. शीर चांगली असेल तर मी बायपासच निवडेन. हृदय कमकुवत असेल तर स्टेंट.

बिडी-सिगारेट असेल तर आजपासून बंद. आणि पाय अचानक गार, पांढरा किंवा बधिर पडला तर चोळू नका, शेकू नका. रात्र असली तरी व्हॅस्क्युलर सर्जन असलेलं हॉस्पिटल लगेच गाठा. हातात काही तासच असतात.