सीट शिवायला टाकण्याआधी

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० बाइकची सीट बदलायचीच असेल तर रंग नंतर बघ, आधी फोम. दुकानात बोटाने दाबून मऊ लागलेला फोम ताम्हिणी घाटात पोचेपर्यंत पार दबून जातो आणि तू थेट खालच्या कडक बेसवर बसतोस. दाट, जरा कडक वाटणारा घे. बैठक रुंद हवी, पण पुढे मांड्यांकडची कड उतरती ठेव; मूळ उंचीच ८०५ मिलिमीटर आहे, सिग्नलला पाय टेकायला हवेत ना?

सीट शिवायला पुण्यात नाना पेठेत जा. कव्हर चढवण्याआधी नुसत्या फोमवर पाच-दहा मिनिटं बसून बघ. कारागीर कुरकुरला तर सरळ पुढचं दुकान गाठ.

डायमंड शिलाई दिसते झकास, पण प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला वाट. पुण्याच्या पावसात फोम एकदा भिजला की लवकर वाळत नाही, आणि ऑफिसात ओल्या पँटने कोण फिरणार? बसायच्या जागी शिलाई नकोच, नक्षीची हौस कडेला भागव. फोमवर प्लास्टिकचा कागद घालायला सांग. काळं रेक्झिन उन्हात चटके देतं. मला तपकिरी आवडतं.

कंपनीची सीट मात्र कापायला देऊ नकोस. जुनी सीट मिळवून तिच्या बेसवर काम करून घे.