ख्रिस्ती माणसाने रोजच्या जगण्यात आत्मसंयम कसा राखावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज सकाळी प्रार्थना करता, आज चिडणार नाही, मोबाईलला उगाच हात लावणार नाही असं ठरवता. दोन-तीन दिवस बरे जातात आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तर आपला विश्वास कमी पडतोय का, आणि संयम पाळायचा तरी कसा?

मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. मंडळीत संडेस्कूल घेते, एवढंच. पण जिभेच्या आणि बोटांच्या बाबतीत मी पुष्कळ ठेचा खाल्ल्या आहेत, त्या बळावर लिहिते.

विश्वासाचं आधी बोलू, कारण तेच तुम्हाला जास्त खातंय असं दिसतं. गेथशेमाने बागेतली रात्र आठवा. येशू आपल्या शिष्यांपैकी पेत्राला आणि जब्दीच्या दोन्ही मुलांना बरोबर घेतो आणि सांगतो, जागे राहा, प्रार्थना करा, म्हणजे परीक्षेत पडणार नाही. परत येऊन बघतो तर तिघेही झोपलेले. असं तीनदा होतं. ‘आत्मा उत्सुक आहे खरा, परंतु देह अशक्त आहे’ हे वाक्य तिथलंच. मग येशूला पकडायला मशाली घेऊन माणसं येतात आणि पेत्र तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान छाटतो. आपण वाचताना त्या तलवारीपाशी थांबतो. मला मात्र अलीकडे वाटायला लागलंय की पेत्राचा तोल गेला तो आधीच, त्या झोपेत. तलवार नुसती दिसली नंतर. आणि ज्याचा तोल गेला त्याला विश्वास नव्हता असं कोण म्हणेल? तो तर घरदार सोडून आलेला माणूस.

हे मला कळलं ते माझ्यावर वेळ आली तेव्हा. आई बरेच महिने अंथरुणाला खिळलेली होती. एके रात्री घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं, ‘एकदा सगळा हिशेब मांडू या.’ साडेअकरा वाजलेले, दिवसभराची दमलेली मी, आणि त्या पाच शब्दांचा अर्थ मी एका क्षणात लावला: हा माझ्याकडे पैशांचा जाब मागतोय. पुढची वीस मिनिटं मी टाइप करत होते. चार परिच्छेद. त्यात अगदी शाळेत असल्यापासूनचं सगळं आलं. मधे एकदा अंगठा थांबला होता, हे मला स्वच्छ आठवतं. आत कुणीतरी म्हणालं, सकाळी पाठव. मी म्हटलं, नाही, आत्ताच. सकाळी सहाला उठून मेसेज काढून टाकला, पण त्यापुढे निळ्या खुणा उमटलेल्या होत्या.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, त्या अंगठ्यापाशी मी हरले नव्हते. त्या आठवड्यात मी धड झोपले नव्हते, चार दिवस वचन उघडलं नव्हतं, दादाबद्दलची अढी मनात जपून ठेवली होती आणि त्याबद्दल एका माणसाशीही बोलले नव्हते. एवढं सगळं मोकळं सोडल्यावर साडेअकरा वाजता संयम कुठून आणणार होते? नीतिसूत्रांच्या 25व्या अध्यायात स्वतःवर ताबा नसलेल्या माणसाला तट पडलेल्या नगराची उपमा आहे. शत्रू दाराशी आल्यावर कुणी तट बांधायला घेत नाही.

आपल्या पवित्र शास्त्रात यासाठी ‘इंद्रियदमन’ असा शब्द आहे. लहानपणी मला तो भयंकर वाटायचा, कुणाला तरी दाबून मारायचंय असा. मूळ ग्रीक शब्द एंक्राटेया. त्यातल्या ‘क्रातोस’चा अर्थ बळ, सत्ता. म्हणजे स्वतःवर पकड असणं. नाम म्हणून तो नव्या करारात तीनच ठिकाणी येतो. एक, 2 पेत्राच्या पहिल्या अध्यायात. दुसरं, प्रेषितांच्या कृत्यांत 24व्या अध्यायात: कैदेतला पौल सुभेदार फेलिक्ससमोर नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांवर बोलतो, तेव्हा फेलिक्स घाबरतो आणि सांगतो, आत्ता जा, सवड झाली की बोलावीन. (सवड त्याला पुष्कळ होती. पौल पैसे देईल या आशेने तो त्याला वरचेवर बोलावत राहिला, आणि दोन वर्षांनी गेला तेव्हाही पौलाला कैदेतच ठेवून गेला. यहूदीयावर सत्ता चालवणाऱ्याला स्वतःचा हात आवरेना.)

तिसरी जागा गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायातली, आपल्याला पाठ असलेली: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नवांत शेवटचं. आणि ही नऊ फळं नाहीत, एकच फळ आहे, एकवचन. त्यामुळे प्रीती वाळत चालली असताना संयम तेवढा वेगळा पिकवता येत नाही. दादावर प्रेम करायचं मी थांबवलं होतं आणि बोलण्यावर ताबा मात्र मागत होते. शिवाय हे फळ आत्म्याचं आहे, माझ्या दातओठ खाण्याचं नाही. म्हणून स्वस्थ बसावं असंही नाही, कारण तोच पौल करिंथकरांना धावपटूंचं उदाहरण देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत, तेव्हा खेळाडूंची मेहनत त्या लोकांच्या डोळ्यांसमोरची होती. जिंकून मिळायचा तो पानांचा मुकुट, सुकून जाणारा. त्यासाठीसुद्धा ते सगळ्या गोष्टींत संयम पाळत.

आता रोजचं. सगळ्या सवयींशी एकदम लढू नका, एकच जागा धरा. माझी जागा म्हणजे रात्रीचे मेसेज. रात्री दहानंतर घरच्यांना रागाचं उत्तर पाठवायचं नाही, एवढंच ठरवलं. लिहायचं असेल तर वहीत लिहिते. सकाळी वाचल्यावर दहातली नऊ उत्तरं पाठवायच्या लायकीची निघत नाहीत.

त्या वेळी म्हणायचं वचनही आधीच ठरवून ठेवा. रानात सैतानाने तीन वेळा गाठलं तेव्हा येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6व्या आणि 8व्या अध्यायांतली होती, म्हणजे आधीपासून मुखात असलेली. चाळीस दिवसांच्या उपासानंतर कुणी गुंडाळी उघडून शोधत बसत नाही. माझी ओळ स्तोत्र 141 मधली आहे, तोंडावर पहारा ठेवण्याची विनंती. ती मी पुटपुटते, आणि खरं सांगायचं तर कधीकधी दात आवळूनच पुटपुटते.

मोबाईलबद्दल माझ्याकडे फार मोठं ज्ञान नाही. रात्री तो दुसऱ्या खोलीत ठेवा. योसेफाने आपल्या धन्याच्या, पोटीफरच्या, मागे लागलेल्या बायकोला रोज नकार दिला, पण शेवटच्या दिवशी तो बोलत उभा राहिला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. पळणं हाही संयमच. पण मोकळा झालेला तो तास रिकामा सोडू नका. झाडून-पुसून रिकाम्या ठेवलेल्या घरात एका भुताच्या जागी आणखी सात घेऊन परतणाऱ्या अशुद्ध आत्म्याची गोष्ट येशूने उगीच सांगितली नाही. नुसत्या ‘हे करू नको, ते करू नको’ने देहाची हाव आटत नाही, हे पौलही कलस्सैकरांना सांगतो. मी त्या तासात एका आजारी शेजारणीला फोन करते. तिला वाटतं मी तिच्यासाठी करते.

झोपेला कमी लेखू नका. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी खाऊ घातलं, झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देव बोलला ते पुढे, डोंगरावर. आणि मंडळीतलं एक विश्वासू माणूस गाठा, ज्याला खरं सांगता येईल. माझी मैत्रीण दर रविवारी उपासनेनंतर एवढंच विचारते, ‘या आठवड्यात कुणाला लिहिलंस?’ तिने विचारायच्या आधी मी नजर चुकवली की तिला उत्तर मिळतं. गोष्ट व्यसनाची असेल, किंवा रागात हात उगारण्यापर्यंत जात असेल, तर समुपदेशक किंवा डॉक्टर गाठायला लाजू नका. त्यात प्रार्थनेचा काही अपमान होत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. संयम म्हणजे राग न येणं नव्हे, आणि कुणाचा अन्याय मुकाट गिळणं तर नव्हेच. मार्काच्या 3ऱ्या अध्यायात येशू सभास्थानातल्या लोकांकडे रागाने पाहतो, आणि त्याच रागात वाळलेल्या हाताचा माणूस बरा करतो. त्या रागाने कुणाचा कान तुटला नाही.

आणि तुटलाच, तर? लूक लिहितो, येशूने त्या दासाच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. पेत्राला वेळ मिळाला नाही, आपल्याला मिळतो. ज्या दिवशी हराल त्या दिवशी स्वतःला शिव्या देत बसण्याऐवजी ज्याला लागलं त्याच्याकडे जा. मला जायला पाच महिने लागले. दादाला फोन केला आणि चुकले म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘अगं, हिशेब म्हणजे आईजवळ कुणी कोणत्या दिवशी राहायचं, तो. तू एकटीच सगळं ओढत होतीस ना, म्हणून.’