सूज नाही, तरी स्कोअर वरच

प्रिय मुली,

वाशीच्या ओपीडीतल्या आमवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) काकूंबद्दल तू लिहिलेलं वाचलं. आमवाताचं मेथोट्रेक्सेट चालू, रक्तातली दाह दाखवणारी ईएसआर तपासणी उतरलेली, सूज नाही, तरी डास-२८, म्हणजे २८ सांधे तपासून आजाराचा जोर मोजणारा स्कोअर, वरच. औषध वाढवू का, विचारतेस. थांब जरा.

स्कोअरचे चार भाग सुटे करून बघ. सुजलेले सांधे आणि ईएसआर खाली, पण दुखरे सांधे आणि पेशंटने स्वतः ० ते १०० मध्ये दिलेला आकडा वर, असं असेल तर आधी मनाची विचारपूस कर. नैराश्यात दुखणं जास्त जाणवतं. ते खोटं नसतं, पण बायोलॉजिक, म्हणजे आमवाताचं पुढच्या पायरीचं औषध, हा त्यावरचा उतारा नव्हे. शिवाय हे अपवादाने घडत नाही: २०१३ साली ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात ऱ्हुमॅटॉइडच्या पेशंटांमध्ये नैराश्याच्या आजाराचं (मेजर डिप्रेशन) प्रमाण १६.८ टक्के होतं.

"उदास वाटतं का?" असं थेट विचारलंस तर आपल्या बायका "छे, बरी आहे की" म्हणून मोकळ्या होतात. मी विचारते, "हल्ली काय काय बंद झालंय?" ठाण्यात माझ्याकडे येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, पोळ्या, आता सून करते. मग जरा थांबून म्हणाल्या, भिशीलाही जात नाही, तेच रडगाणं कोण ऐकणार? पोळ्या मनगटाने बंद पाडल्या होत्या. भिशी मनगटाने नाही. आपला दैनंदिन कामांचा फॉर्म पोळ्या टिपतो, भिशी त्यात कुठेच नसते.

मग पीएचक्यू-९, ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घे. झोप आणि थकव्याचे गुण आमवातामुळेही चढतात, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर रेंगाळ: कशात रस वाटत नाही का, मन खिन्न असतं का. आणि हो, "सकारात्मक राहा" म्हणू नकोस. सकाळी तासभर जिची मूठ वळत नाही, तिला ते ऐकवणं मला तरी उद्धटपणाच वाटतो.

मानसोपचाराचं नाव काढलंस की घरचे म्हणतील, "म्हणजे ठाण्याला पाठवणार?" १९०१ पासूनच्या त्या मनोरुग्णालयाची ही चेष्टा आपल्याकडे फार मुरली आहे. चिडू नकोस. हा सांध्यांच्याच इलाजाचा भाग आहे, मन सावरलं की गोळ्या वेळेवर जातात, व्यायाम होतो, असं सांग. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही लिहून दे.

काकूंना पुढच्या वेळी एकटीला आत घे, मुलाला चहाला पाठव. पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाला, जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराला, "हो" आलं तर घरी सोडू नकोस. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन कर, मग मला.

तुझी,
मॅडम