टपावरचा काळा गम काढायचा, पण रंग राखून

प्रश्न : भाऊ रामराम. माझ्याकडे सेकंडहँड बोलेरो आहे. आधीच्या मालकानं प्रचाराच्या भोंग्यासाठी टपावर लोखंडी पट्ट्या बसवल्या होत्या, स्क्रू न मारता निरा काळ्या गमवर. पट्ट्या कशातरी निघाल्या पण हातभर लांब गमाच्या जाड रेघा तशाच आहेत, रबरासारख्या, नख रुतते पण निघत काही नाही. गॅरेजवाला म्हणते छन्नीनं उडवून देतो, दुसरा म्हणते थिनर टाक. मले टपाचा रंग खराब नाही करायचा, अन् पावसाळा तोंडावर आहे. काय करू?
– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : रामराम दादा. छन्नी नको आणि थिनरही नको, दोघांनाही थांबवा.

तुम्ही सांगता त्यावरून हा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट दिसतो, गाडीची समोरची काच ज्यानं चिकटवतात तोच. हा हवेतल्या ओलाव्यानं पिकतो आणि एकदा पिकला की कशातच विरघळत नाही, थिनर ओता, ॲसिटोन ओता, फार तर फुगतो, आणि तेवढ्या वेळात खालचा रंग मात्र मऊ पडून उठायला लागतो. छन्नीचं तर बोलूच नका. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी भरते 0.1 मिलिमीटरच्या आसपास, त्यात एक ओरखडा पत्र्यापर्यंत गेला की पहिल्याच पावसात गंज धरतो आणि तो रंगाच्या खालून पसरत जातो, वरून दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून हा गम विरघळवायचा नाही, कापायचा. आधी कापायचा, मग घासायचा, हा क्रम सोडू नका.

त्याआधी एक खात्री करा की सिलिकॉन तर नाही. गमाचा बारका तुकडा कापून गाडीपासून लांब, मोकळ्या हवेत चिमट्यात धरून पेटवा, धूर नाकात घेऊ नका. पांढरी राख राहिली तर सिलिकॉन, काळं काजळ सोडत जळला तर पीयू. सिलिकॉन असेल तर कापायची पद्धत हीच, पण मागे त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, खड्डे खड्डे पडतात. म्हणून तिथं पॉलिश पेपर मारायच्या आधी सिलिकॉन रिमूव्हरनं पुसून घ्यायचं, नाहीतर पेपरनं तो थर टपभर पसरतो.

आता कापायचं कसं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी टपावर हात ठेवता येत नाही, तोच आपला फायदा, उन्हानं गम मऊ होतो. गाडी तासभर उन्हात ठेवा, गमाच्या दोन्ही बाजूला मास्किंग टेप लावा, वर साबणाचं पाणी शिंपडा. मग मासे पकडायचा जाड तंगूस घ्या, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधा, दोघांनी समोरासमोर उभं राहून करवतीसारखा ओढत गमाच्या बुडातून न्या. हातमोजे घाला, तंगूस तळहात कापतो. तुटला तर नवा घ्या पण त्याच्या जागी लोखंडी तार घेऊ नका, काचवाले वापरतात ती पीळदार तार काचेसाठी ठीक आहे, रंगावर ती रेघ मारते. पत्र्याला टेकवून कापायची घाई नको, एक-दोन मिलिमीटरचा पातळ थर मागे राहू द्या, जाड गम गेला म्हणजे अर्धं काम झालं.

तिथं परत काही चिकटवायचं असेल तर इथंच थांबा. नवा पीयू जुन्या, नुकत्याच कापलेल्या पीयूवर चांगला धरतो, काच बदलणारे कारागीरही जुना थर पूर्ण खरवडत नाहीत.

पूर्ण साफ करायचं असेल तर तो थर हेअर ड्रायरनं किंवा हीट गननं गरम करा, वीतभर लांबून, गन हलती ठेवून. अंदाज असा की पत्र्याला बोट दोन सेकंदही ठेवता येऊ नये एवढंच गरम, त्यापेक्षा जास्त नाही. वास मारू लागला किंवा धूर दिसला तर लगेच बंद करा, पीयू जळला की आयसोसायनेटची विषारी वाफ निघते आणि दम्याच्या माणसाला ती फार बाधते. स्टोव्ह, ब्लो-लॅम्प तर अजिबातच नाही. आतून टपाला सीलिंगचं कापड असेल तर तेही लक्षात ठेवा, जास्त उष्णतेनं त्याचा गोंद सुटून कापड लोंबतं. गरम थराखाली जुनं एटीएम कार्ड नाहीतर बांबूची कामटी तासून घाला आणि सपाट ठेवून ढकला. पातळ पदर अंगठ्यानं चोळला तरी वळ्या होऊन निघतो, वेळ लागतो, लागू द्या.

शेवटी जो काळा डाग उरेल त्याला टर्पेंटाईन, पेंटच्या दुकानात मिळतं. पण हे काम सावलीत, टप थंड झाल्यावर करा, उन्हात ते लागल्या लागल्या उडून जातं आणि डाग हलत नाही. कापडावर घ्यायचं, टपावर ओतायचं नाही. आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात पुसून बघा. कापडाला गाडीचा रंग लागला तर टप मागे कधी बाहेर रंगवलेला असण्याची शक्यता आहे, तिथं फार हलक्या हातानं. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे असतं. सॅनिटायझर चालत नाही, बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, त्याचा थर राहतो. मग शाम्पूनं धुऊन रबिंग कंपाऊंड. पट्टीखालचा रंग उन्हानं उडालेला नाही, तेव्हा तिथं जरा गडद पट्टा दिसेल. कंपाऊंडनं फरक कमी होतो, पूर्ण जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कुठं पत्रा उघडा पडलाच तर तेवढी जागा पॉलिश पेपरनं चमकवून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. पाऊस यायची वाट नका बघू.

प्रश्न : माझ्या छोट्या हत्तीच्या टपाला पूर्वीच्या कॅरियरची भोकं आहेत, पाणी गळते. बाथरूमचं पांढरं सिलिकॉन भरू का? – वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते भरू नका. त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, भोकाच्या कडेचा उघडा पत्रा त्यानंच गंजतो. कडा घासून प्रायमर मारा, मोठं भोक असेल तर पत्र्याचा तुकडा लावून घ्या आणि वरून गाडीचा पीयू सीलंट. मात्र कोरड्या उन्हाळ्यात तो हळू पिकतो कारण हवेत ओल नसते, जाड लावला तर वरून सुकलेला दिसतो आणि आतून कच्चा राहतो. म्हणून पातळ लावा आणि पहिल्या सरीच्या दोन-चार दिवस आधी लावून मोकळे व्हा.